पट्टीवर दोन रेघा, पण गर्भ कुठे?

मेडिकलवरून आणलेल्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या की दिवस गेल्याचं कळतं. गर्भ कुठे रुजलाय, ते मात्र पट्टी सांगत नाही. शंभरातल्या एक-दोन जणींमध्ये तो गर्भाशयाबाहेर रुजतो, आणि त्यातही नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा गर्भनलिकेत. नळी फारशी ताणली जात नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास दुखणं सुरू होतं. वेळेत कळलं नाही तर नळी फुटू शकते.

ओटीपोटात, बहुधा एका बाजूला दुखतं, अंगावरून थोडंथोडं काळपट जातं. खांद्याच्या टोकाशी कळ येते, तेव्हा बाई बाम चोळत बसते. खरं तर पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला डिवचत असतं. कपड्यावर डाग जेमतेम आणि आत रक्ताचं थारोळं, असंही होतं. दुखणं अंगावर काढायची आपल्याकडची सवय इथे जिवावर बेतते.

घेरी आली, दरदरून घाम सुटला, तर १०८ला फोन करावा. पैठणसारख्या ठिकाणाहून छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय सुमारे ५० किलोमीटर आहे. घरगुती उपायांत तास घालवणं परवडत नाही.

‘माझं तर ऑपरेशन झालंय’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्या बायका गावोगाव आहेत. नसबंदीनंतर दिवस जाणं दुर्मीळच. पण गेलेच, तर नळीतल्या गर्भाची शक्यता बरीच वाढते. ओटीपोटातला जुना जंतुसंसर्ग आणि जननमार्गाचा क्षयही नळी खराब करतात. अनेकींना मात्र यातलं काहीच झालेलं नसतं.

सगळ्यात घातक म्हणजे सोनोग्राफीशिवाय परस्पर घेतलेल्या गर्भपाताच्या गोळ्या. नळीतला गर्भ त्यांनी पडत नाही. रक्तस्राव झाला की ‘मोकळी झाले’ असं वाटतं, आणि आत नळीवरचा ताण वाढतच राहतो.

निदानासाठी योनीमार्गे सोनोग्राफी होते. चित्र स्पष्ट नसेल, तर रक्तातलं बीटा-एचसीजी हे गर्भारपणातलं संप्रेरक ४८ तासांनी पुन्हा तपासतात. नळी शाबूत असेल आणि बाईची तब्येत स्थिर असेल, तर काहींना मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन पुरतं; मग फॉलिक ॲसिडच्या गोळ्या थांबवाव्या लागतात. फुटलेल्या नळीला शस्त्रक्रियाच. शल्यचिकित्सक लॉसन टेट यांनी १८८३ साली बर्मिंगहॅममध्ये ती करून बाई वाचवली, तोवर अशी बाई बहुधा दगावतच असे.

एक नळी काढली तरी दुसरीच्या भरवशावर मूल होऊ शकतं. मात्र पुढच्या वेळी पाळी चुकताच डॉक्टरांना सांगावं आणि सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून घ्यावी.