इलेक्ट्रिक किट घेण्याआधी मागचे गिअर पाहा

साध्या सायकलीला मोटर आणि बॅटरी बसवून देण्याचे काम आता सायकल-मिस्त्रींकडे येऊ लागले आहे. या धंद्यात आपले पुष्कळ बांधव आहेत आणि पंक्चर-ओव्हरऑइलच्या मजुरीपेक्षा या कामाची मजुरी बरी मिळते. पण ग्राहक किट आधी विकत घेतो आणि नंतर दुकानात येतो. ते किट मागच्या गिअरशी जुळले नाही की नवा शिफ्टर, नवी चेन, दोन दिवसांची खटपट हा सगळा खर्च मिस्त्रीच्या अंगावर पडतो. म्हणून किटची ऑर्डर जाण्यापूर्वी काय तपासावे, ते आम्ही येथे देत आहोत.

मोटर पुढच्या चाकात बसवायची असेल तर मागचे गिअर आहेत तसेच राहतात. त्या कामात हा प्रश्नच नाही. अडचण येते ती मागच्या चाकातील हब मोटरला.

पहिली गोष्ट, सायकलीला फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे ओळखावे. फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसते आणि आतली खटखट त्याच्या स्वतःच्या पोटात असते. कॅसेटचे दाते हबवरच्या खाचांत सरकवलेले असतात आणि खटखट हबमध्ये असते. चाक काढून दाते उलटे फिरवावेत. पाना लावायची मधली खाच दात्यांबरोबर फिरली तर कॅसेट, ती जागेवर थांबली तर फ्रीव्हील. बाजारातील स्वस्त किटच्या मोटरी बहुतेक फ्रीव्हीलच्या असतात. त्यामुळे नऊ-दहा गिअरच्या कॅसेटची सायकल आली तर कॅसेटची मोटर मागवायला सांगावे, किंवा गिअर कमी होतील हे ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगावे.

येथे एक बारकावा आहे. सात गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये एका दातेचक्रापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ५ मिलिमीटर असते, आठमध्ये ४.८, नऊमध्ये सुमारे ४.३५ आणि दहामध्ये ३.९५. आठचा शिफ्टर सातच्या फ्रीव्हीलवर नीट जुळवला तर चालून जातो. एक खटका रिकामा राहतो, तो डिरेलरच्या स्क्रूने बंद करावा. नऊ किंवा दहाचा शिफ्टर मात्र चालत नाही. कितीही तार ओढली-सोडली तरी चेन मध्येच अडकते. अशा वेळी सातचा शिफ्टर आणि सात-आठची चेन यांची किंमत अंदाजपत्रकात धरावी.

दुसरी गोष्ट रुंदीची. मागच्या चिमट्याच्या दोन्ही आतल्या बाजूंमधील अंतर मोजावे. गिअरच्या माउंटन सायकलीत ते बहुधा १३५ मिलिमीटर असते. जुन्या काळ्या सायकलीचा चिमटा बराच अरुंद असतो, त्यात गिअरची मोटर जात नाही. तिला एकाच फ्रीव्हीलची अरुंद मोटर घ्यावी. लोखंडी चिमटा दोन-तीन मिलिमीटर फाकवता येतो. अॅल्युमिनियमचा फाकवू नये, तडा जातो. मोटर बसल्यावर चेन सर्वांत लहान चक्रावर घेऊन चाक हाताने फिरवावे. चेन चिमट्याला घासत असेल तर आसावर वॉशर टाकावा आणि अंतर पुन्हा मोजावे.

आता दात्यांचा हिशेब, जो बहुतेक जण करत नाहीत. केंद्रीय मोटर वाहन नियमांत अशा सायकलीसाठी ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणून तोच वेग धरू. २६ इंची चाक त्या वेगाला मिनिटाला सुमारे २०० फेरे घेते. पुढचे चेनव्हील ४२ दात्यांचे आणि मागचे लहान चक्र १४ चे असेल तर पायडल मिनिटाला ६७ च्या आसपास फिरते. पाय आरामात चालतात. पण पुढे ३२ च दाते असतील तर तेच पायडल ८८ वेळा फिरवावे लागते. ग्राहक म्हणतो, पायडल हलके पडते, मोटर पळते आणि पाय नुसते फिरतात. दोष मोटरचा नसतो. ११ दात्यांपासून सुरू होणारे फ्रीव्हील मिळते, ते घातले की फेरे ७० वर येतात. किंमत जास्त, पण अशा सायकलीला तेच योग्य.

क्रँकजवळ बसणाऱ्या मोटरचे प्रकरण वेगळे. तिची सगळी ताकद चेनमधूनच मागे जाते, त्यामुळे चेन आणि लहान चक्रे लवकर झिजतात. आमच्या मते अशा सायकलीला सात-आठ गिअरची चेन आणि पोलादी चक्रेच बरी. दहा-अकराची पातळ चेन टाळावी. गिअर बदलताना मोटरचा जोर नसावा. ब्रेकच्या दांडीत मोटर तोडणारा खटका असेल तर ती किंचित दाबून गिअर बदलायला ग्राहकाला शिकवावे. झीज पाहायला फूटपट्टी पुरे. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. एक-सोळांश इंच वाढली की चेन बदलावी; एक-अष्टमांशपर्यंत थांबलात तर चक्रेही गेलीच समजा.

शेवटी पान्याची गोष्ट. हब मोटरचा आस जाड असतो आणि पुष्कळ मोटरींत वायर गिअरच्या बाजूनेच बाहेर येते. नेहमीचा फ्रीव्हील-पाना त्यावरून जाईलच असे नाही. पायडल मारून फ्रीव्हील आपोआप आवळत जाते, मग ते निघत नाही. म्हणून आट्यांना ग्रीस लावून बसवण्यापूर्वीच पाना आसावर घालून पाहावा आणि जात नसेल तर मोठ्या भोकाचा पाना आणून ठेवावा.