मजुरी, बक्षिसी आणि आमिष

उंच जातीचा माड २० मीटरहूनही वर जातो. त्यावर चढून नारळ पाडणाऱ्याला दर माडामागे ठरलेले पैसे मिळतात. ही त्याची मजुरी, म्हणजेच हक्क. काम बघून मालकाने खुशीने वर दिलेले पैसे किंवा दोन नारळ ही बक्षिसी. ती घेण्यात लाज कसली? पण बक्षिसी दिली म्हणून मजुरी कापायची नाही हं!

आता शहरातलं झाड बघा. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याप्रमाणे ते तोडायला परवानगी लागते. "परवानगी राहू दे, पाचशे जास्त घे," असं कुणी म्हटलं, तर ते आमिष. बक्षिसी चांगल्या कामाची असते, नियम मोडण्याची नाही. असे पैसे नाकारणाराच खरा कारागीर.