साधा फोन घेताना : एका टेलिकॉमवाल्याचा कबुलीजबाब

'साधा मोबाईल घेणे' हा काय लेख लिहायचा विषय आहे का, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. दुकानात जायचं, बटणांचा फोन मागायचा, पैसे द्यायचे आणि निघायचं! मी अगदी असंच केलं. तेही मोबाईल कम्युनिकेशनच्या ओरलला एक्स्टर्नलसमोर जीएसएमच्या ८ टाइम स्लॉटची आकृती काढून 'व्हेरी गुड' मिळवल्यानंतर. त्या व्हेरी गुडचं पुढे काय झालं ते आधी सांगतो, कारण बाकीचा लेख त्यातूनच आला आहे.

माझी आज्जी पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी एकटीच राहते. चुलत भावाने तिला स्वतःचा जुना टचस्क्रीन फोन दिला होता. पण शेतात राबून कोरडी, खरबरीत झालेली तिची बोटं त्या स्क्रीनला ओळखूच यायची नाहीत. फोन वाजायचा, आज्जी बोट फिरवत बसायची, फोन बंद व्हायचा. म्हणून दिवाळीच्या सुट्टीला जाताना मी मेसच्या बिलातून वाचवलेल्या पैशातून तिच्यासाठी बटणांचा फोन घेतला. सगळ्यात स्वस्त होता तो. टॉर्च होता, एफएम होतं, बटणं मोठी होती. अजून काय पाहिजे?

घरी गेल्यावर जुन्या फोनमधलं सिम काढून नव्यात टाकलं. नेटवर्कच्या दांड्या काही दिसल्या नाहीत. पण आमचं घर डोंगराच्या कुशीत, घरात रेंज नसतेच, अंगणात येते. "आज्जी, अंगणात गेलीस की येईल रेंज," असं म्हणालो आणि एसटी पकडली.

हॉस्टेलवर आलो आणि जर्नलच्या ढिगाखाली गाडला गेलो. मधे दोन-तीनदा फोन लावला, लागला नाही. म्हटलं बंद करून ठेवला असेल. बाराव्या दिवशी शेजारच्या तात्यांचा फोन आला. "काल रातीला तुझ्या आज्जीला घेरी आली. भिंतीला धरत धरत आमच्या दारापतूर आली, उंबऱ्यात बसली. आता बरी हाय, गोळ्या दिल्यात डॉक्टरनं. पर फोन का न्हाई लावला म्हणून इचारलं, तर म्हंती, फोन चांगला हाय, मलाच लावता येईना झालाय."

शनिवारी गावी पोचलो. तात्या म्हणाले, रोज संध्याकाळी ती तो फोन हातात घेऊन अंगणात उभी राहायची. मी फोनचा खोका शोधला. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'जीएसएम ९००/१८००'. म्हणजे फोन फक्त २जी. आणि सिम होतं फक्त ४जीवर चालणारं. असा फोन अंगणातच काय, टॉवरच्या खाली नेऊन उभा केला असता तरी लागला नसता!

चूक सिमकार्डाच्या कंपनीची नव्हती, दुकानदाराचीही नव्हती. त्याने जे मागितलं ते दिलं. चूक माझी होती, आणि आज्जी बारा दिवस ती स्वतःची समजत राहिली. "मी अडाणी, मला कुटं येतंय," असं ती म्हणाली तेव्हा मला त्या 'व्हेरी गुड'ची लाज वाटली. तर आता मुद्द्यावर येऊ.

१) आधी गरज, मग फोन

डिझाइनच्या तासाला सर सांगतात, 'आधी रिक्वायरमेंट लिहा.' आपण ते सबमिशनपुरतं लिहितो. फोन घेताना खरंच एका कागदावर चार ओळी लिहा. फोन कोण वापरणार? कुठे वापरणार? तिथे कुठल्या कंपनीची रेंज येते? आणि फोनवर नक्की काय करायचं आहे?

स्वस्त फोन म्हणजे कमअस्सल फोन नव्हे. नोकियाचा ११०० आठवा, किंवा घरच्यांना विचारा. २००३ साली आलेला हा फोन जगभर सुमारे २५ कोटी विकला गेला. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. होतं काय, तर धूळ आत जाऊ नये असा सलग रबरी कीपॅड, घामट हातातून निसटू नये अशा कडा आणि टॉर्च. वापरणाऱ्याचा हात आणि गाव डोक्यात ठेवून केलेलं हे डिझाइन होतं. मी मात्र आज्जीचा हात बघितला आणि गाव विसरलो.

२) नेटवर्क : इथेच माझी दांडी उडाली

भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना तो लावला. पुढे कितीतरी वर्षं 'मोबाईल' म्हणजे जीएसएम, अर्थात २जी, असंच सर्वसाधारण समीकरण होतं. कुठलंही सिम कुठल्याही जीएसएम फोनमध्ये घाला, चालायचं. आपल्या घरच्यांच्या डोक्यात अजून हेच आहे. मात्र सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली ती फक्त ४जीवर. तिच्यामागे २जीचं जाळंच नाही. तेव्हापासून 'कुठलंही सिम, कुठलाही फोन' हा नियम संपला.

आता थोडी थिअरी, कंटाळू नका. २जीमध्ये तुम्ही कॉल लावला की बोलणं संपेपर्यंत एक टाइम स्लॉट तुमच्या नावावर राखून ठेवला जातो. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं! ४जीमध्ये अशी राखीव जागाच नाही. सगळा डेटा पाकिटांमधून जातो आणि आवाजही तसाच पाठवावा लागतो. या सोयीला व्होल्टी म्हणतात. फोनमध्ये ती नसेल तर कॉलपुरतं त्याला २जी किंवा ३जीवर उतरावं लागतं. उतरायला खालचं जाळंच नसेल तर? नेट चालेल, पण साधा कॉल लागणार नाही. म्हणून खोक्यावर नुसतं '४जी' बघून थांबू नका, '४जी व्होल्टी' लिहिलेलं बघा.

थोडक्यात हिशोब असा :
– सिम फक्त ४जीवाल्या कंपनीचं असेल, तर ४जी व्होल्टी फोनच घ्यावा लागेल.
– ज्या कंपनीचं २जी तुमच्या गावात चालू आहे तिचं सिम असेल, तर २जी फोन चालेल. पण तो चार-पाच वर्षं वापरायचा असेल, तर थोडे पैसे जास्त गेले तरी ४जी व्होल्टी घेणंच शहाणपणाचं.
– काही अगदी स्वस्त ४जी फोन एकाच कंपनीच्या सिमवर चालतात. 'यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालेल का?' हा प्रश्न पैसे द्यायच्या आधी विचारा, नंतर नाही.

आणि सर्वात सोपी परीक्षा : ज्याचा फोन आहे त्याचंच सिम दुकानात न्या, फोनमध्ये घाला, दुकानातून बाहेर या आणि एक कॉल लावा. एक कॉल घ्या. दोन मिनिटांचं काम. मी ते केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

३) दुकानात बघायच्या गोष्टी

आयएमईआय : फोनवर *#०६# दाबा. १५ अंकी नंबर दिसेल. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी ताडून बघा. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर येतील. फोन जुना घेत असाल तर आणखी एक करा. मेसेजमध्ये के-वाय-एम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग मोकळी जागा, मग तो १५ अंकी नंबर लिहून १४४२२ वर पाठवा. हा फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला आहे का, नंबर नकली आहे का, ते कळतं. (कॉम्प्युटरवाल्यांसाठी गृहपाठ : आयएमईआयचा शेवटचा अंक हा चेक डिजिट असतो. लून अल्गोरिदम लावून आपापल्या फोनचा पडताळून बघा.)

बॅटरी : बटणांच्या फोनची बॅटरी साधारण १००० एमएएचची असते. स्मार्टफोनची ५०००. तरी पहिली जास्त दिवस का टिकते? भागाकार करा. ५००० एमएएचचा फोन एका दिवसात संपत असेल, तर तो सरासरी २०८ मिलिअँपिअर खातो. साधा फोन नुसता पडून असताना समजा ५ मिलिअँपिअर खात असेल, तर १००० भागिले ५ म्हणजे २०० तास, आठ दिवसांच्या वर. पण ध्यानात ठेवा, रेंज कमी असेल तिथे फोन टॉवर शोधण्यातच दमतो आणि हे गणित कोलमडतं. डोंगरातल्या गावासाठी फोन घेताना बॅटरी थोडी मोठीच घ्या. ती बाजारात सहज मिळणारी आणि हाताने बदलता येणारी असेल तर उत्तम.

चार्जर : पिन कुठली ते बघा. घरात आधीच असलेला चार्जर चालत असेल तर बरं. चार्जरवर आणि बॅटरीवर बीआयएसची खूण आहे का पाहा. चाळीस रुपयांच्या चार्जरवर पैसे वाचवू नका.

कान आणि डोळे : रिंगचा आवाज रस्त्यावर उभं राहून ऐका, दुकानाच्या एसीत नाही. अंकांचा आकार किती मोठा होतो ते बघा. मराठी मेन्यू आहे का बघा. आणि शक्य असेल तर ज्याला फोन वापरायचा आहे त्यालाच बटणं दाबून पाहू द्या.

४) रिचार्ज

फोन स्वस्त आणि रिचार्ज महाग असं व्हायला नको. ज्या फोनवर नेट वापरायचंच नाही त्याला रोजच्या दीड जीबी डेटाचे पैसे कशाला? ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियमात बदल करून कंपन्यांना फक्त बोलणं आणि मेसेज यांचे वेगळे पॅक देणं बंधनकारक केलं. त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. हे पॅक दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, मागून घ्यावे लागतात. म्हाताऱ्या माणसाला लांब मुदतीचा पॅकच बरा. दर महिन्याला 'कुणी रिचार्ज मारतंय का' म्हणून वाट बघणं त्यांच्या नशिबी नको.

५) फोन देऊन मोकळे होऊ नका

मी हेच केलं होतं. आता शहाणा झालोय. फोन दिल्यावर अर्धा तास बसा. जवळच्या माणसांचे नंबर स्पीड डायलवर लावा. २ दाबून धरला की मुलगा, ३ दाबून धरला की शेजारी. पण ५ आणि ९ मोकळे ठेवा. २०१६ च्या सरकारी नियमानुसार साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की संकटकाळची मदत मागता यावी अशी सोय असावी लागते. तुमच्या फोनवर ती कशी चालते ते माहितीपुस्तिकेत बघा, उगाच दाबून खेळू नका. पलीकडे खरंच माणूस असतो. ११२ हा नंबर मात्र सगळ्यांना पाठ करून द्या.

मराठीत मेसेज लिहिणार असाल तर तो आखडता लिहा. एका मेसेजला १४० बाइट जागा असते. इंग्रजी अक्षराला ७ बिट, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरीला युनिकोडचे १६ बिट लागतात, म्हणून ७०च. शिवाय काना, मात्रा, वेलांटी यांचीही वेगळी मोजणी होते!

मग हॉस्टेलवाल्यांनी साधा फोन घ्यावा का? परीक्षेच्या महिन्यात, गेटच्या तयारीत जरूर विचार करा. बँकेचा ओटीपी मेसेजवर येतो, तो साध्या फोनवरही येतो. मार्च २०२२ पासून साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही पैसे पाठवायची सोयही आहे. पण वर्गाच्या ग्रुपवर येणाऱ्या नोटिसा आणि असाइनमेंट चुकतील, त्याची सोय रूम पार्टनरकडे आधी लावून ठेवा. पुन्हा तेच, आधी गरज लिहा!

जाता जाता : आज्जीकडे आता ४जी व्होल्टीचा बटणांचा फोन आहे. यावेळी तो मी अंगणात, घरात, गोठ्यात आणि ती रात्री झोपते त्या खोलीत लावून बघितला. खोलीत रेंज येत नाही. खिडकीच्या फळीवर ठेवला की येते. म्हणून फोनची जागा तिथे ठरली आणि फळीवर खडूने खूण केली. स्पीड डायलचा २ दाबायचा सराव तिने पाच वेळा केला. पाचही वेळा माझ्या खिशातला फोन वाजला. "म्हंजी मला येतंय की रं!" ती म्हणाली. येतच होतं, आज्जी.

तुम्हाला एकच विनंती. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोन हातात घ्या आणि त्यावरून स्वतःला एक कॉल लावून बघा. लागला तर उत्तम. नाही लागला, तर त्यांना काही येत नाही असं समजू नका. आधी खोका उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा.

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी