तीन मुखं, चोवीस गुरू आणि एक कंकण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की घराघरांत आकड्यांची बोलणी सुरू होतात. ७ दिवसांचं पारायण, ५२ अध्याय, १०८ मण्यांची माळ. त्याच दिवसांत शेतात कापूस वेचणी चालू असते, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं. मग कुणाचा अध्याय राहतो, कुणाचा जप अर्ध्यावर थांबतो आणि मनात भीती शिरते : 'संख्या चुकली, आता दोष लागेल का?' उत्तर शोधायचं तर आपल्या परंपरेतले आकडे काय सांगतात ते आधी बघू.

तीन

'तीन तिगाडा, काम बिगाडा' असं म्हणत आपण तिघं मिळून शुभकार्याला निघत नाही. आणि आपलं आराध्य दैवत मात्र त्रिमुखी! सहा हातांतली माळ-कमंडलू ब्रह्मदेवाची, शंख-चक्र विष्णूचं, डमरू-त्रिशूळ शंकराचा. उत्पत्ती, स्थिती, लय एकाच देहात. पण वडिलांचं नाव बघा : अत्रि. परंपरा त्याची फोड 'अ-त्रि' अशी करते, म्हणजे तीन गुणांच्या पलीकडचा. तिन्हींच्या पलीकडे गेलेल्याच्या घरीच तिन्ही एक होऊन नांदतात.

इतर धर्मांतही तीन येतात. बौद्ध बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जातात. जैनांची त्रिरत्नं म्हणजे सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र. ख्रिस्ती लोक पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव मानतात. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे, त्याची सरमिसळ करू नये. पण वेगळं दिसणारं एकत्र बांधायला सगळ्यांना तीनचा आधार घ्यावासा वाटला.

आपल्या खान्देशात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची मोठी यात्रा भरते. हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होतं, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. घोडेबाजारामुळे यात्रेचं नाव देशभर झालं, पण ज्याच्यासाठी ती भरते तो दत्त एकमुखी आहे. नृसिंहवाडीला आणि गाणगापूरला तर भक्त पादुकांपुढेच माथा टेकतात. तीन मुखं, एक मुख, नुसत्या पादुका. रूप बदलतं, भाव तोच राहतो.

सात आणि एकशेआठ

गुरुचरित्राच्या सप्ताहाची एक प्रचलित वाटणी अशी : पहिल्या दिवशी ९ अध्याय, मग १२, ८, ६, ३, ५ आणि शेवटी ९. पाचव्या दिवशी तीनच का? त्यात काही गूढ नाही. ३६ वा अध्याय आचारधर्माचा आणि चांगला लांब आहे, वाचणाऱ्याची बैठक सांभाळली आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी माणसाचा विचार केला होता.

१०८ चा हिशेब अनेक जण नक्षत्रांवरून सांगतात : २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण. जपानी बौद्ध मंदिरांत वर्ष सरताना १०८ वेळा घंटा वाजवतात. मुसलमानांच्या तसबीहमध्ये ९९ किंवा ३३ मणी असतात. मोजणी मण्यांकडे सोपवली की मन नामाला मोकळं होतं. आपण तर मेरुमणी ओलांडत नाही, माळ फिरवून पुन्हा सुरुवात करतो. 'झालं, संपलं' म्हणायला जागाच नाही.

चोवीस

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. पृथ्वी, वायू, मधमाशी, अजगर, कोळी असे ते गुरू. त्यांतली एक आहे कुमारिका. घरी पाहुणे आलेले, घरची माणसं बाहेर. ती आत साळी कांडायला बसली तर हातातली कंकणं वाजू लागली. घरची गरिबी पाहुण्यांना कळेल म्हणून तिनं एकेक कंकण उतरवलं. हातात दोन-दोन उरली तरी आवाज होईच. एकेकच ठेवलं तेव्हा आवाज थांबला, आणि कांडण मात्र चालूच राहिलं.

जे कमी होत नाही

चाळीसगावजवळ पाटण्याला पाटणादेवीच्या देवळात तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. या भास्कराचार्यांनी 'बीजगणितात' शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं. तिच्यात कितीही मिळवा, तिच्यातून कितीही काढा, ती बदलत नाही. दाखला त्यांनी अनंत अच्युताचा दिला : सृष्टी होवो की प्रलय, तो तसाच.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आपला एक अध्याय राहिल्यानं जो कमी होत नाही, त्याच्यापुढे आपण बसतो. मग भ्यायचं कशाला? नियम मोडावा असं मात्र नाही. झेपेल तेवढाच संकल्प करावा, राहिलेलं दुसऱ्या दिवशी मनापासून वाचावं. 'अमुक हजार जप करा, तमुक काम होईल' असे निरोप मोबाइलवर फिरतात, ते नामाचा बाजार करतात. त्यांना भुलू नये.

यंदा माळ हातात घ्याल तेव्हा त्या कुमारिकेला आठवा. भीतीचं एक कंकण उतरवा, सौद्याचं दुसरं उतरवा. एक नाम राहू द्या, आणि काम चालू ठेवा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥