रुंद पडद्याचा भुलावा : 'बॅबिलॉन ५'चे पहिले पर्व आणि तबकड्यांची पारख

दूरचित्रवाणी मालिकेचे एखादे पर्व, म्हणजे एका हंगामात प्रसारित झालेल्या भागांचा समूह, जेव्हा घरी पाहण्यासाठी डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे तबकड्यांच्या संचात येते, तेव्हा प्रेक्षकाच्या हाती मूळ प्रसारणाची जशीच्या तशी प्रत पडतेच असे नाही. कारण असा संच तयार करताना कोणते चित्र कोठून उचलायचे, त्याची चौकट किती रुंद ठेवायची आणि काय वगळायचे, याचे निर्णय नव्याने घेतले जातात. विज्ञानकथात्मक मालिकांमध्ये या निर्णयांचे परिणाम फार ठळकपणे दिसतात, कारण त्यांतील निम्मे विश्व कॅमेऱ्यासमोर उभे असते आणि निम्मे संगणकात रचलेले असते. 'बॅबिलॉन ५' या अमेरिकन मालिकेचे पहिले पर्व हे त्याचे बोलके उदाहरण असून, त्याच्या खरेदीत प्रस्तुत लेखकाच्या हातून झालेल्या चुका इतरांना टाळता याव्यात, एवढ्यासाठीच त्या येथे नोंदवल्या आहेत.

जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी निर्माण केलेल्या या मालिकेचा प्रारंभिक चित्रपट १९९३ साली, पहिले पर्व १९९४ साली आणि पाचवे, अखेरचे पर्व १९९८ साली प्रसारित झाले. एकूण ११० भागांपैकी ९२ भाग स्ट्रॅझिन्स्की यांनी स्वतः लिहिले आणि पाच वर्षांची कथा आधीच आखून ती कादंबरीसारखी उलगडत नेली. कथा घडते ती पाच मैल लांबीच्या एका अवकाशस्थानकावर, जेथे माणसे आणि परग्रहवासी मिळून अडीच लाख जीव राहतात आणि महायुद्ध टळावे म्हणून निरनिराळ्या वंशांचे राजदूत एकत्र बसतात. पहिल्या पर्वात पेरलेल्या साध्या वाटणाऱ्या वाक्यांचे अर्थ तिसऱ्या-चौथ्या पर्वात लागतात, आणि म्हणूनच हे पर्व पुन्हा पुन्हा पाहावे असे आहे. एकदा पाहून विसरण्याच्या मालिकेसाठी कोणी तबकड्या गोळा करत नाही.

पहिल्या पर्वातील अवकाशयाने आणि लढाया छोट्या प्रतिकृती बांधून चित्रित केलेल्या नव्हत्या, तर 'फाउंडेशन इमेजिंग' या संस्थेने त्या संगणकावर रचल्या होत्या. सुरुवातीचे काम 'अमिगा' संगणक आणि 'व्हिडिओ टोस्टर' ही जोडयंत्रणा यांवर झाले, आणि त्या काळाच्या मानाने ते धाडसाचे होते. नटांचे प्रसंग मात्र ३५ मिलिमीटर फिल्मवर, 'सुपर ३५' पद्धतीने चित्रित झाले. या पद्धतीत फिल्मची एरवी ध्वनिपट्टीसाठी राखलेली जागाही चित्रासाठी वापरली जाते, त्यामुळे एकाच चित्रीकरणातून पुढे जुन्या दूरचित्रवाणी संचाची ४:३ प्रमाणाची चौकोनी चौकट काढता येते आणि १६:९ प्रमाणाची रुंद चौकटही काढता येते. हे प्रमाण म्हणजे चित्राच्या रुंदीचे उंचीशी असलेले गुणोत्तर होय. भविष्यात रुंद पडदे येतील हे ओळखून ही तजवीज केली गेली होती, पण संगणकीय दृश्ये आणि नटांच्या चित्रावर संगणकीय चित्र चढवून केलेली मिश्रदृश्ये ४:३ चौकटीत, व्हिडिओच्या मर्यादित रेषांमध्येच पूर्ण झाली.

पहिल्या पर्वाचा डीव्हीडी संच २००२ साली आला, तो रुंद चौकटीत. फिल्मवरील साधे प्रसंग नव्याने रुंद काढता आले. परंतु संगणकीय आणि मिश्र दृश्यांना बाजूंना वाढवायला काही नव्हतेच, त्यामुळे त्यांचा वरचा आणि खालचा भाग कातरून उरलेले चित्र ताणण्यात आले. ४:३ चौकट अशा रीतीने १६:९ केली की उंचीचा एक चतुर्थांश भाग जातो, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या ४८० रेषांपैकी ३६० रेषाच उरतात आणि त्याच संपूर्ण पडद्यावर पसराव्या लागतात. परिणाम कसा दिसतो, हे स्थानकाच्या एखाद्या बोळातील चकमकीत सहज पाहता येते : पात्र पिस्तूल उगारते तोवर त्याच्या कोटाची वीण आणि कपाळावरचा घाम स्पष्ट दिसत असतो, मग पिस्तुलातून प्रकाशाचा गोळा सुटतो, आणि तो गोळा संगणकाने काढलेला असल्यामुळे त्या क्षणापुरते सारे चित्र मऊ, धूसर होते, चेहरा किंचित पुढे सरकल्यासारखा मोठा दिसतो, आणि पुढच्या दृश्याबरोबर सर्व काही पूर्ववत होते. ज्याला कारण माहीत नाही तो आपल्या टीव्हीला किंवा तबकडीला दोष देतो. प्रस्तुत लेखकाने तर त्यापायी प्लेअरचे भिंग दोनदा साफ करवून घेतले.

परंतु खरी चूक याहून मोठी होती. वेष्टनावर रुंद पडद्याचा उल्लेख दिसताच नवा संच जुन्याहून सर्व अंगांनी सरस असणार असे गृहीत धरून लेखकाने त्याच पर्वाच्या व्हीएचएस कॅसेटी, ज्यांत मूळ ४:३ चौकट अखंड होती, संच उघडून पाहण्यापूर्वीच रद्दीत घातल्या. त्यानंतर मूळ चौकटीतील सुधारित आवृत्ती येईपर्यंत २०२१ साल उजाडले, आणि ती ब्ल्यू-रेवर आली ती २०२३च्या डिसेंबरात. म्हणून नवी आवृत्ती घेतल्यावर जुनी लगेच काढून टाकू नये. दोन्हींतील एकच भाग, त्यातही मिश्रदृश्ये असलेला, लागोपाठ पाहावा आणि मगच निर्णय करावा.

वेष्टनावर ज्याकडे लक्ष जात नाही अशी आणखी एक गोष्ट म्हणजे विभागसंकेत. चित्रपट कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले असून एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालू नये अशी व्यवस्था केलेली असते. डीव्हीडीच्या बाबतीत अमेरिका पहिल्या विभागात आणि भारत पाचव्या विभागात येतो, तर ब्ल्यू-रेच्या बाबतीत अमेरिका 'ए' आणि भारत 'सी' विभागात येतो. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांकडून संच मागवणाऱ्या मराठी घरांना ही अडचण हमखास येते. न्यू जर्सीतील आतेभावाने हौसेने आणलेला हा संच पुण्यातील प्लेअरने नाकारला, तेव्हा लेखकाने संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग बदलला. तथापि असा बदल बहुतेक ड्राइव्हमध्ये पाचच वेळा करता येतो आणि शेवटचा विभाग कायमचा चिकटतो, हे कळले ते चार बदल झाल्यावर. सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारा प्लेअर आधी मिळवावा, तबकड्या मागाहून.

पर्वाचा संच म्हणजे कथेची सुरुवात, असेही समजू नये. १९९३चा प्रारंभिक चित्रपट 'द गॅदरिंग' पहिल्या पर्वाच्या डीव्हीडी संचात नाही. तो स्वतंत्र तबकडीवर निघाला. शिवाय त्याची दोन रूपे आहेत : १९९३चे मूळ आणि १९९८ साली पुन्हा संकलित केलेले, ज्याला मालिकेचे संगीतकार क्रिस्तोफर फ्रांके यांचे संगीत आहे.

तबकडीच्या क्षयाबद्दल मात्र थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण त्यावर उपाय नाही. डीव्हीडी ही प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन प्लॅस्टिक चकत्या डिंकाने जोडून केलेली असते आणि त्यांच्या आत प्रकाश परावर्तित करणारा धातूचा पातळ थर असतो. जोड सदोष असेल तर तो थर वर्षानुवर्षे गुपचूप खराब होत जातो आणि वरून एकही ओरखडा नसताना तबकडी अडखळू लागते. असा क्षय पुष्कळदा कडेपासून सुरू होतो. दुहेरी थरांच्या तबकडीवर यंत्र पहिला थर आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत वाचत जाते, त्यामुळे कडेची जागा म्हणजे आशयाचा मध्य ठरतो. चार भागांच्या तबकडीत पहिला भाग निर्दोष चालतो आणि दुसऱ्याच्या अखेरीस किंवा तिसऱ्याच्या आरंभी चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागतात. प्रत्येक तबकडीचा पहिला भाग सुरू करून, ठीक आहे असे म्हणून, लेखकाने संच फडताळात ठेवला आणि दोष उघडकीस आला तो परत करण्याची मुदत संपून गेल्यावर. संच हाती येताच प्रत्येक तबकडीचा मधला अर्धा तास पाहावा आणि ती दिव्यासमोर धरून तांबूस छटा किंवा सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात का हे तपासावे.

ब्ल्यू-रे आवृत्तीत नटांचे प्रसंग फिल्मवरून नव्याने घेतले आहेत आणि संगणकीय दृश्ये, पुन्हा न रचता, मूळ व्हिडिओवरून मोठी केली आहेत. ती फिल्मइतकी रेखीव नाहीत, पण त्यांचे माथे आणि पाय शाबूत आहेत. तरीही जुना डीव्हीडी संच निरुपयोगी ठरत नाही, कारण नटांच्या साध्या प्रसंगांत त्याच्या रुंद चौकटीत डाव्या-उजव्या कडांना असे काही दिसते जे चौकोनी चौकटीत येत नाही, आणि निवडक भागांवरील स्ट्रॅझिन्स्की यांचे निवेदनही त्या तबकड्यांवर आहे. लेखकाच्या फडताळात आता दोन्ही संच शेजारी-शेजारी उभे असून, जुन्यातील बिघडलेल्या तबकडीवर तारीख घातलेली चिठ्ठी लावलेली आहे.