परसातील कांदा व त्यावरील फुलकिडे

सुलतानपूर, लोणार व मेहकर ह्या टापूत पौष महिन्यात लावलेला कांदा माघ-फाल्गुनात कसा दिसू लागतो, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. हिरव्या पातीवर चांदीसारखे पांढरट ओरखडे उठतात, शेंडे वाकडे होऊन वाळतात आणि गड्डा सुपारीएवढाच राहतो. कोणी म्हणतो धुई पडली, कोणी म्हणतो दृष्ट लागली. वस्तुतः हे काम फुलकिड्यांचे होय.

ज्यास संशय असेल त्याने एक रोप उपटून त्याचा पोंगा, म्हणजे अगदी आतली कोवळी पात, उलगडावी व पांढऱ्या कागदावर झटकावी. तिळाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे फिकट पिवळे किडे चालताना दिसतील. हा किडा पातीचा पापुद्रा खरवडतो व निघालेला रस शोषतो. मादी आपली अंडी पातीच्या आतच घालते, आणि तिला नराची गरजही पडत नाही. पिल्ले पोंग्यात दडून वाढतात. त्यानंतर कोषावस्थेत ती बहुधा मातीत असतात. थंडी सरून कोरडी हवा पडली म्हणजे अंड्यापासून पूर्ण किड्यापर्यंतचा हा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. एका फवारणीने कीड कशी हटत नाही, असे विचारणाऱ्यांस ह्यातच उत्तर मिळेल: अंडी पातीत, पिल्ले पोंग्यात आणि कोष मातीत असतात, आणि औषध पडते ते बाहेरच्या पातीवर.

खरवडलेल्या जागेतून जांभळ्या करप्याची बुरशी सहज आत शिरते. शिवाय पिवळ्या ठिपक्यांचा एक विषाणुरोग हाच किडा एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. आपल्या शेजारच्या जालना भागात व नाशिककडे हा रोग कांद्यावर आढळल्याची नोंद शास्त्रज्ञांनी २००६ साली केली.

आता उपाय. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथे कांदा व लसूण ह्यांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिने सुचविलेला उपाय गरीब कुटुंबासही साधण्याजोगा आहे. रोपे लावण्यापूर्वी सुमारे ३० दिवस वाफ्याच्या चोहोबाजूंनी मक्याच्या दोन ओळी, अथवा बाहेर मक्याची व आत गव्हाची एक ओळ, टोकावी. फुलकिडा उडण्यात दुबळा आहे. तो वाऱ्याबरोबर येतो आणि ह्या हिरव्या कुडाला अडतो. चार कणसे घरी येतात ती वेगळीच.

दुसरी गोष्ट खताची. येथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. पाळकाच्या घरामागील वाफ्यात एके वर्षी मी युरिया ओंजळीने टाकला. पात अशी गर्द झाली की येणारेजाणारे थांबून पाहत. पण ती कोवळी, रसाळ पात फुलकिड्यांस पंगतीसारखी झाली, आणि जे कांदे निघाले त्यांच्या माना जाड राहून आषाढाच्या आतच ते सडले. नत्र बेताने, हप्त्याहप्त्याने द्यावे आणि लावणीपासून ४५ दिवसांच्या आत ते देणे संपवावे. पाणीही ओढू नये. तहानलेल्या झाडावर कीड अधिक जोर करते. तुषार सिंचनाची सोय असेल तर वरून पडणाऱ्या पाण्याने पुष्कळ किडे धुऊन जातात.

दोन-चार किडे दिसताच घाबरू नये. दर झाडास सरासरी ३० किडे होईपर्यंत फवारणीची निकड नाही, असे त्याच संस्थेचे मत आहे. परसात प्रथम निंबोळीचा अर्कच वापरावा. ज्येष्ठ-आषाढात पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवाव्यात. अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळून पाणी १० लिटर करावे व त्यात थोडा साबण कालवावा. नाहीतर पातीवरून थेंब ओघळून जातो. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पोंग्यात उतरेल असे फवारावे, कारण उन्हाने त्याचा गुण जातो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे. मात्र करप्यावर हा अर्क चालत नाही.

एका घरची बहीण मजजवळ येऊन म्हणाली, "पाद्रीसाहेब, कपाशीचं औषध उरलंय, तेच कांद्यावर मारू का?" मी विचारले, "आज भाकरीबरोबर काय खाल्लं?" ती म्हणाली, "ह्याच वाफ्यातली पात." मग तिला अधिक सांगावे लागले नाही. कपाशीवर पुष्कळ वापरले गेलेले मोनोक्रोटोफॉस हे विष भाजीपाल्यावर मारण्यास २००५ सालीच मनाई झाली आहे. आपल्याच वऱ्हाडात, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करणारी कित्येक माणसे विषबाधेने दगावली. ती धडधाकट होती. परसातल्या वाफ्याभोवती तर लेकरे खेळत असतात. कीड फारच वाढली व औषध घेणे भागच पडले, तर ते कांद्यासाठी मंजूर आहे काय हे सहाय्यक कृषी अधिकाऱ्यास विचारावे, आणि डब्यावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत पातीस हात लावू नये.

बियांसाठी जे डेंगळे राखतात त्यांनी फुले उमलली असता विषारी फवारणी करूच नये. कांद्याच्या फुलांत बी धरते ते मुख्यतः मधमाश्यांच्या येण्याजाण्याने, आणि त्या मेल्या तर गोंडा रिकामा राहतो. काढणी झाल्यावर वाफ्यात राहिलेले कांदे, जुनी पात व तण उपटून काढावे. पुढील लावणीपर्यंत कीड त्यांवरच दिवस काढते.