गाव करी ते डॉक्टर न करी

दवाखान्यात बसायला लागून मला सत्तावीस वर्षे झाली. या काळात औषधाच्या चिठ्ठीवर मी सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द लिहिला असेल, तर तो 'चाला' हा. मधुमेह आहे? चाला. रक्तदाब आहे? चाला. वजन वाढले, झोप लागत नाही, गुडघे धरले? चाला. आणि सर्वांत कमी पाळला गेलेला सल्लाही तोच. कळते पण वळत नाही, असे म्हणून मी रुग्णांनाच दोष देत आलो.

एकदा शिवणकाम करणारी, पंचेचाळिशीतली एक बाई तपासायला आली. साखर नेहमीप्रमाणे वाढलेलीच होती. मी जरा रागानेच विचारले, "बाई, चालायला सांगितले होते ना?" ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुम्ही चालाले सांगता, पण चालू कुठं? सकाळी नळाची वेळ, मग पोरांचे डबे. संध्याकाळी रस्त्यावर दिवा नाही, कुत्रे अंगावर येतात, आणि एकटी बाई फिरायला निघाली की लोक विचारतात, कुठं चालली?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी गोळी वाढवून दिली. पुढे काही वर्षांनी तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला आणि सुईत दोरा ओवणे तिला जमेनासे झाले. नुसत्या चालण्याने हे टळले असते असे मी म्हणणार नाही. त्याला गोळ्या, आहार, वेळेवर नेत्रतपासणी सगळेच लागते. पण सात-आठ वर्षे मी तिला एक सल्ला देत राहिलो आणि तो तिला कसा पाळता येईल हे एकदाही विचारले नाही, ही चूक माझी होती. आजचा लेख त्या चुकीतून शिकलेल्या धड्याबद्दल आहे.

दुखणे किती मोठे आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही इतपत. मुलांना रोज सरासरी एक तास खेळणे-पळणे हवे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक पाहणीप्रमाणे आपल्या देशातील जवळजवळ निम्मे प्रौढ एवढाही व्यायाम करत नाहीत, आणि त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण बरेच जास्त आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेली.

आपल्या जिल्ह्यात चित्र दुहेरी आहे. डिसेंबरात वावरात वाकून दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला 'चाला' म्हणणे ही थट्टा आहे; तिला हवी आहे विश्रांती, पुरेसे अन्न आणि पाठ मोकळी करणारे चार व्यायाम. उलट यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रससारख्या गावांत दुकानात, कचेरीत किंवा घरात बसून असणाऱ्यांचे अंग हलतच नाही. पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात ती पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी. भरती झाली, किंवा वय निघून गेले, की त्यांचेही धावणे संपते.

म्हणजे दुखणे एक नाही आणि औषधही एक नाही. मग ते औषध शोधायचे कुणी? माझे उत्तर आहे: सगळ्यांनी मिळून.

नवी नव्हे, आपलीच जुनी रीत

आजकाल मोठ्या संस्था एक पद्धत वापरतात. आपल्यापुढचा प्रश्न उघडपणे मांडायचा, ज्याला सुचेल त्याच्याकडून उपाय मागवायचा, चांगले वाटतील ते लहान प्रमाणावर करून पाहायचे आणि जे जमले ते सर्वांना खुले करायचे. नाव कितीही नवे असो, आपल्या मातीतले खेळ असेच घडले आहेत.

कबड्डीचेच पाहा. आपल्याकडे हुतूतू, दक्षिणेत चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू. आपल्याकडेही संजीवनी, गामिनी, अमर असे वेगवेगळे प्रकार. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला की आधी भांडण नियमांचे. पुढे ठिकठिकाणच्या खेळाडूंनी आणि व्यायामशाळांनी एकत्र बसून कुठले काय चांगले ते निवडले. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले व त्यांवर स्पर्धा घेतल्या. खो-खोचे नियम बांधण्याचे काम त्याआधीच, १९१४ साली, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने हाती घेतले होते. त्याच वर्षी आपल्या शेजारी अमरावतीत वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले आणि देशी खेळांना शिस्तशीर शिक्षणाची जोड दिली. नियम लिहून सर्वांना दिले गेले, वापरात चुका दिसल्या, त्या सुधारल्या. म्हणूनच १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पोचली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. त्यात भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. हा खेळ कुणा एकाच्या डोक्यातून निघालेला नाही.

परदेशातले एक उदाहरण सांगतो. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकापुढे प्रश्न होता की, थंडीत बाहेर जाता येत नाही, तर मुलांना खोलीत काय खेळवावे? त्यांनी पीच फळाच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला टांगल्या, तेरा नियम लिहिले आणि ते लगेच छापून टाकले. बास्केटबॉल जन्माला आला. पण टोपलीला बूड होते! प्रत्येक गोलानंतर चेंडू वरून काढावा लागे. बूड काढण्याची युक्ती नंतर आली. पहिला विचार अपुराच असतो. तो इतरांच्या हाती दिला की पुरा होतो.

स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथील एका प्राथमिक शाळेने २०१२ साली मुलांना रोज पंधरा मिनिटे वर्गाबाहेर चालू-पळू द्यायला सुरुवात केली. गणवेश बदलायचा नाही, साहित्य नाही, स्पर्धा नाही. कोणीही उचलावी अशी ती कल्पना असल्यामुळे पुढे अनेक देशांतील शाळांनी ती उचलली.

आमच्या वॉर्डातला प्रयोग

त्या बाईच्या प्रश्नानंतर मी उत्साहाने आमच्या वॉर्डात पहाटे साडेपाचचा चालण्याचा वर्ग काढला. कुणाला काही न विचारता. तीन आठवड्यांत उरलो आम्ही पाच-सहा जण, सगळे पुरुष आणि त्यांतले बहुतेक निवृत्त. ज्यांच्यासाठी काढला त्यांच्यातली एकही आली नाही.

मग मी शहाणा झालो. दवाखान्यात, किराणा दुकानात आणि अंगणवाडीत एकेक वही ठेवली. वर एकच प्रश्न लिहिला: "आपल्या वॉर्डातील चाळिशीपुढच्या बायांना रोज अर्धा तास चालता यावे, यासाठी काय करावे?" ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे माझा कंपाउंडर लिहून घेई. काहींनी थट्टाही लिहिली. पण शाळेत नातवाला घ्यायला येणाऱ्या एका आजीने सांगितलेली गोष्ट माझ्या सात जन्मात मला सुचली नसती. ती म्हणाली, "आम्ही पोरं घ्यायला शाळेच्या फाटकाबाहेर अर्धा घंटा उभ्याच राहतो. फाटक आधी उघडा, आम्ही आतच फिरतो."

मुख्याध्यापक तयार झाले. शिपायाची अडचण अशी की फाटकावर लक्ष कोण ठेवणार? बायांनी आळीपाळीने ते काम घेतले. पहिल्या दिवशी चार-पाच जणी, पुढे मैदानाला गर्दी. पावसाळ्यात चिखल झाला तेव्हा दुसरीने सुचवले, व्हरांड्यात झिम्मा-फुगडी घालू. गुडघे दुखणाऱ्यांना फुगडी झेपेना, तर त्यांच्यासाठी मी खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे सांगितले. कुणी काय म्हणेल ही भीती उरली नाही, कारण सगळ्या सोबत होत्या आणि निमित्त पोरांचे होते.

तुमच्या गावात कसे कराल?

१. प्रश्न नेमका ठेवा. 'गाव निरोगी करू' हा प्रश्न नव्हे, घोषणा आहे. कोणासाठी, किती वेळ, कुठे, हे त्यात हवे.

२. जे व्यायाम करत नाहीत त्यांना आधी विचारा. खेळाडूंना मैदानाची अडचण कळते; घरी बसलेल्यांना न येण्याचे कारण कळते. अपंग, म्हातारे, पोडावरचे लोक, शाळा सुटलेल्या मुली यांच्याकडे वही घेऊन जा. ते तुमच्याकडे येणार नाहीत.

३. निवड उघड करा. ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत प्रत्येक सूचनेला चार कसोट्या लावा. खर्च झेपेल का? इजेचा धोका नाही ना? बायांना आणि म्हाताऱ्यांना जमेल का? मे महिन्यात व आषाढात चालू राहील का?

४. सहा आठवडे करून पाहा. सुरुवातीला आणि शेवटी कंबरेचा घेर, रक्तदाब आणि सहा मिनिटांत किती अंतर चालता येते ते नोंदवा. आशाताई व आरोग्य उपकेंद्राची मदत मागा. वजन उतरले नाही म्हणून निराश होऊ नका. ते सर्वांत शेवटी हलते. हजेरी मात्र रोज लिहा.

५. फसले तेही लिहा. कोण सोडून गेले आणि का, हीच पुढच्या प्रयोगाची शिदोरी. माझा पहाटेचा वर्ग फसला हे मी लपवले असते तर शेजारच्या वॉर्डाने तोच पुन्हा काढला असता.

६. ज्याचे त्याला श्रेय द्या आणि कल्पना वाटा. सुचवणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहा. शेजारच्या गावाने ती उचलली, बदलली, तर राग मानू नका. वर्गणी घेतली असेल तर हिशेबही त्याच फळ्यावर हवा. गावातली बरीच चांगली कामे पैशाच्या संशयाने बुडतात.

सावधगिरी

छातीत दुखणे, चक्कर किंवा अवाजवी धाप लागल्यास तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. आधीपासून हृदयविकार असलेल्यांनी विचारूनच सुरुवात करावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये, खिशात साखर ठेवावी आणि अनवाणी चालू नये. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण व वाहक दोन्ही आहेत. सिकलसेलच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने हलका व्यायाम करावा, भरपूर पाणी प्यावे. वाहक असलेल्या भरतीच्या मुलांनीही उन्हात, पाण्यावाचून, एकदम जोर लावून धावू नये. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना, हे सर्वांनीच पाळावे.

ती शिवणकाम करणारी बाई आता लेकीचा हात धरून त्या मैदानावर येते. मागच्या महिन्यात तिने वहीत लेकीकडून एक सूचना लिहवून घेतली: 'ज्याला कमी दिसते त्याच्यासाठी मैदानाच्या कडेने दोरी बांधा.' आम्ही दोरी बांधली. ती धरून आता आणखी दोघे म्हातारे फिरतात.

गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. डॉक्टरलाही ते लागू आहे. येत्या आठवड्यात एवढेच करा: एक वही घ्या, वर एक प्रश्न लिहा आणि ती किराणा दुकानात ठेवा.